खेळातले योगायोग आणि त्यांवर बांधलेले आडाखे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वचषक जवळ आला की ‘त्या वर्षीही अगदी असेच घडले होते’ अशा धर्तीचे संदेश फिरू लागतात आणि त्यांतले बरेचसे तपशील खरे असतात. म्हणूनच ते खोडून काढणे अवघड जाते. पण तपशील खरा असणे आणि त्यावरून केलेले भाकीत भरवशाचे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढील प्रश्नोत्तरे या दोहोंमधल्या अंतराविषयी आहेत. उदाहरणे मुख्यतः क्रिकेटमधली आहेत. जिथे फुटबॉलमध्ये अधिक बोलके उदाहरण सापडले तिथे ते घेतले आहे.

भारत एकदिवसीय सामन्यांत सलग २० नाणेफेकी हरला. दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट विनाकारण कशी घडेल?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून भारताचा पुरुष संघ एकदिवसीय सामन्यांतली प्रत्येक नाणेफेक हरत गेला आणि ही मालिका ६ डिसेंबर २०२५ रोजी विशाखापट्टणमला तुटली. आधीच नेमून दिलेल्या २० नाणेफेकी ओळीने हरण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक इतकी असते. सगळीकडे हाच आकडा फिरला आणि तो बरोबरही आहे. मात्र तो एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. अहमदाबादच्या नाणेफेकीआधी कोणी ‘आता भारत पुढच्या वीस नाणेफेकी हरेल’ असे लिहून ठेवले असते, तर दहा लाखांची भाषा शोभली असती. तसे कोणी लिहिले नव्हते. मालिका लांबल्यावर आपले लक्ष तिकडे गेले.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा : एकदिवसीय क्रिकेटच्या संपूर्ण इतिहासात, कोणत्या तरी संघाच्या वाट्याला, केव्हा तरी, सलग २० हार येण्याची शक्यता किती? आजवर ४,९०० च्या आसपास सामने झाले आहेत आणि प्रत्येक नाणेफेक दोन संघांच्या खात्यात नोंदली जाते, म्हणजे सुमारे ९,८०० नोंदी होतात. त्यांतल्या कोणत्याही नोंदीपासून अशी मालिका सुरू होऊ शकते हे धरून ढोबळ गणित केले तर उत्तर दोनशेत एकच्या आसपास येते. कसोटी आणि ट्वेंटी-२० सामने मिळवले, शिवाय सलग २० जिंकण्याच्या मालिकेलाही आपण तितकेच नवल मानले असते हे ध्यानात घेतले, तर शक्यता आणखी वाढते. तरीही घटना दुर्मीळच राहते, हे प्रांजळपणे सांगायला हवे. इतक्या नोंदींमध्ये सर्वांत लांब मालिका साधारण बारा-तेराची अपेक्षित असते आणि नेदरलँड्सच्या नावावरची आधीची मालिका ११ चीच होती. वीस हा आकडा त्याहून बराच पुढचा आहे. परंतु दुर्मीळ घटनेमागे कारण असायलाच हवे असे नसते. कारण आहे असे म्हणायचे तर ते दाखवावे लागते. इथे या काळात रोहित शर्मा, के. एल. राहुल आणि शुभमन गिल असे तीन कर्णधार झाले. दोन देशांमधल्या सामन्यांच्या मालिकांमध्ये नाणे यजमान कर्णधार उडवतो आणि छापा की काटा हे पाहुणा सांगतो, त्यामुळे नाणे उडवणारा हातही बदलत राहिला. मैदाने, देश, नाणी, काहीच एक नव्हते.

याच मालिकेच्या पोटात २०२५ ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा येते. भारताने तिथे पाचही नाणेफेकी गमावल्या आणि पाचही सामने जिंकले. तेव्हापासून ‘नाणेफेक हरणेच शुभ’ असा उलटा आडाखाही ऐकू येऊ लागला होता.

इतक्या वेळा हरल्यावर पुढची नाणेफेक जिंकण्याची शक्यता तरी वाढते ना?

नाही. आधी काय पडले याची नाण्याला आठवण नसते. विसाव्या पराभवानंतरची शक्यता पहिल्या नाणेफेकीइतकीच, निम्मी, होती. दीर्घकाळात हार-जीत बरोबरीच्या जवळ येते ती पुढच्या नाणेफेकींनी मागची थकबाकी फेडल्यामुळे नव्हे. पुढे हजारो नाणेफेकी झाल्या की वीसाचा फरक एकूण आकड्यात विरून जातो, एवढेच.

सचिन तेंडुलकरने शतक केले की भारत हरायचा, हे तरी खरे आहे ना?

नाही, आणि हा समज ज्या महाराष्ट्रात सचिनवर जीव ओवाळून टाकला गेला तिथेही घरोघरी ऐकू यायचा, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे.

सचिनने एकदिवसीय क्रिकेटमध्ये ४९ शतके केली. त्यांपैकी ३३ सामने भारताने जिंकले, १४ गमावले, एक बरोबरीत सुटला आणि एक अनिर्णित राहिला. म्हणजे शतक झालेल्या दर तीन सामन्यांपैकी दोन भारताच्या पदरात पडले. तो एकूण ४६३ एकदिवसीय सामने खेळला आणि त्यांतले भारताने २३४ जिंकले, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक. शतक नसलेल्या सामन्यांचा हिशेब वेगळा काढला तर विजयाचे प्रमाण निम्म्याच्याही थोडे खाली जाते. सचिनचे शतक आणि भारताचा विजय यांचे नाते असलेच तर ते समजुतीच्या नेमके उलट आहे. त्यात आश्चर्यही नाही, कारण शतकाने संघाच्या धावा वाढतात.

मग इतक्या लोकांना एकाच वेळी तसे का वाटले?

जिंकलेल्या सामन्यातले शतक विजयाच्या आनंदात मिसळून जाते, पण हरलेल्या सामन्यातले शतक एकटे उरते आणि सलत राहते. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या कसोटीत पाठदुखी सोसत केलेल्या १३६ धावा आणि पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी झालेला पराभव ज्याने पाहिला तो माणूस तो विसरू शकत नाही. ५ नोव्हेंबर २००९ रोजी हैदराबादला ३५१ धावांचा पाठलाग करताना सचिनने १७५ धावा काढल्या आणि भारत तीन धावांनी हरला. १६ मार्च २०१२ रोजी मिरपूरला शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक झाले त्या दिवशीही बांगलादेशाने सामना जिंकला. सर्वांत जास्त चर्चा झालेली शतके पराभवाशी जोडली गेल्यावर उरलेल्या शतकांची मोजदाद करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. पराभवातल्या शतकात दोष कोणाचा हा प्रश्न उरतो आणि बोट दाखवायला सर्वांत ठळक नाव सापडते. २०११ च्या विश्वचषकात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने १११ धावा केल्या. भारत एक बाद २६७ वर होता आणि २९६ धावांत सर्वबाद झाला. शेवटचे नऊ गडी २९ धावांत गेले. त्या स्पर्धेतला भारताचा हा एकमेव पराभव होता. धावफलक वाचला तर घसरगुंडी दिसते, आठवणीत मात्र ‘सचिनचे शतक आणि पराभव’ एवढेच उरते. त्याच स्पर्धेतले त्याचे दुसरे शतक, बंगळुरूला इंग्लंडविरुद्धचे, बरोबरीत सुटलेल्या सामन्यातले. म्हणजे २०११ मध्ये सचिनच्या एकाही शतकावर भारत जिंकला नाही, आणि विश्वचषक मात्र भारतानेच जिंकला. आडाखा मानणाऱ्यांनी यातून नेमका कोणता निष्कर्ष काढावा, हे ठरवणे कठीण आहे.

२०१९ मध्ये पाकिस्तानची वाटचाल हुबेहूब १९९२ सारखी होती. ते साम्यही बनावट होते का?

साम्य बनावट नव्हते, आणि म्हणूनच हे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९९२ च्या विश्वचषकात पाकिस्तानचे निकाल क्रमाने असे होते : हार, जीत, पावसाने वाया गेलेला सामना, हार, हार आणि मग सलग तीन विजय. २०१९ मध्ये पहिल्या आठ सामन्यांचे निकाल याच क्रमाने आले. दोन्ही वेळा पहिला पराभव वेस्ट इंडिजकडून झाला. दोन्ही वेळा सहाव्या सामन्यातला सामनावीर सोहेल आडनावाचा डावखुरा फलंदाज होता. १९९२ मध्ये आमिर आणि २०१९ मध्ये हारिस. दोन्ही वेळा तोवर अपराजित असलेल्या न्यूझीलंडला पहिला पराभव पाकिस्तानने चाखवला. इतके सगळे जुळल्यावर लोक उत्साहाने करंडकाची वाट पाहू लागले यात नवल नाही.

आता न जुळलेल्या गोष्टी पाहा. १९९२ मध्ये नऊ संघ होते आणि प्रत्येकाचे साखळीत आठ सामने झाले. २०१९ मध्ये दहा संघ आणि नऊ सामने. प्रतिस्पर्ध्यांचा क्रम वेगळा, पराभवांची तऱ्हा वेगळी, मैदाने वेगळी. ही यादी कोणी पाठवत नाही, कारण तिला अंत नाही. साम्यांची यादी लहान असते आणि तिचा लहानपणाच आपल्याला निवड झाल्याची खूण द्यायला हवा. शिवाय प्रत्येक स्पर्धेत आठ-दहा संघांची वाटचाल आधीच्या सगळ्या विजेत्यांच्या वाटचालींशी ताडून पाहणारे लाखो डोळे असतात. त्यांतली एखादी जोडी बराच काळ जुळत राहिली नाही, तरच ते विशेष म्हणावे लागेल.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. पाकिस्तानने नववा सामनाही जिंकला, न्यूझीलंडइतकेच ११ गुण मिळवले, पण निव्वळ धावगतीत मागे पडल्यामुळे पाचव्या स्थानावर राहून स्पर्धेबाहेर गेला. १९९२ मध्ये ॲडलेडला ७४ धावांत सर्वबाद होऊनही पावसामुळे मिळालेला एक गुण त्यांना उपांत्य फेरीत घेऊन गेला होता, कारण पाचव्या क्रमांकावरच्या ऑस्ट्रेलियापेक्षा त्यांचा तेवढाच एक गुण जास्त होता. २०१९ मध्ये श्रीलंकेविरुद्धचा सामना पावसाने धुऊन नेला आणि तो एक गुण पुरला नाही. निकालांचा क्रम सारखा दिसला तरी त्या निकालांना चालवणारे गुणांचे आणि धावगतीचे यंत्र दोन्ही वेळा वेगळे फिरत होते.

फुटबॉल विश्वचषकातला ३९६४ चा नियम काय आहे?

हा नियम २००२ नंतर फार गाजला. ब्राझीलने १९७० आणि १९९४ मध्ये विश्वचषक जिंकला. दोन्ही वर्षांची बेरीज ३९६४. अर्जेंटिनाने १९७८ आणि १९८६ मध्ये, बेरीज तीच. जर्मनीने १९७४ आणि १९९० मध्ये, पुन्हा तीच. ब्राझीलने १९६२ आणि २००२ मध्ये; तरीही ३९६४. त्यावरून २००६ चा विजेता काढायचा तर ३९६४ मधून २००६ वजा करावेत, १९५८ उरतात आणि त्या वर्षी ब्राझील जिंकला होता. तेव्हा ब्राझील नक्की! प्रत्यक्षात २००६ मध्ये इटली जिंकला.

या नियमात जी गोष्ट सांगितली जात नव्हती ती अशी की १९६६ आणि १९९८ यांचीही बेरीज ३९६४ च होते. १९६६ मध्ये इंग्लंड जिंकला होता आणि १९९८ मध्ये फ्रान्स. म्हणजे नियम जन्माला आला तेव्हाच तो एकदा चुकलेला होता. ती ओळ यादीतून गाळली म्हणून तो निर्दोष दिसला. पुढे १९५४ ची जर्मनी २०१० मध्ये जिंकली नाही, स्पेन जिंकला. १९५० चा उरुग्वे २०१४ मध्ये जिंकला नाही, जर्मनी जिंकली.

चार जोड्या मुळात जुळल्या कशा, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर सोपे आहे. १९८२ हे वर्ष मधोमध ठेवले तर त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या वर्षांची बेरीज नेहमी ३९६४ च येणार, कारण स्पर्धा दर चार वर्षांनी होते. बेरजेत गूढ काहीच नाही. आणि १९५८ ते २००२ या काळात ब्राझील, जर्मनी आणि अर्जेंटिना या तीनच देशांनी मिळून बारापैकी नऊ विश्वचषक जिंकले. विजेते इतके थोडे असले की जोड्या जुळायला फारशी करामत लागत नाही.

एखादा ठोकताळा पुष्कळ वर्षे अचूक ठरला असेल तर त्यावर विश्वास का ठेवू नये?

याचे सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेत सापडते. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाने जिंकला तर सत्ताधारी पक्ष सत्तेवर राहतो आणि हरला तर पायउतार होतो, असा एक नियम २००० मध्ये स्टीव्ह हर्ट या क्रीडा-सांख्यिकीतल्या जाणकाराच्या नजरेस आला. १९४० पासून १९९६ पर्यंतच्या १५ निवडणुकांत तो एकदाही चुकला नव्हता. २००० मध्येही तो खरा ठरला. सलग १६ वेळा, म्हणजे नाण्याच्या हिशेबाने ६५,५३६ मध्ये एक.

नियम सापडल्यानंतरचा इतिहास मात्र वेगळा आहे. २००४ मध्ये वॉशिंग्टन हरले, तरी बुश पुन्हा निवडून आले. तेव्हा नियमालाच ठिगळ लावण्यात आले : आधीच्या निवडणुकीत लोकमतात पुढे असलेला उमेदवार हरला असेल (२००० मध्ये तसे झाले होते) तर पुढच्या वेळी नियम उलटा वाचायचा. मूळ नियमाने मोजले तर २००८ बरोबर, २०१२ चूक, २०१६ चूक, २०२० चूक, २०२४ चूक. शोधाच्या आधी पंधरापैकी पंधरा आणि शोधानंतर सातपैकी दोन. संघ बदलला म्हणून किंवा मतदार बदलले म्हणून हे झाले नाही. आधीचे पंधरा निकाल हे भाकीत नव्हतेच. हजारो संभाव्य नियमांतून जो जुळला तो उचलण्यात आला होता. भाकिताचा हिशेब नियम सांगितल्या दिवसापासून सुरू होतो, त्याआधीचे निकाल त्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत.

ठिगळाविषयी एवढेच म्हणता येईल की चुकल्यावर ज्याच्यात अपवाद घालता येतो तो नियम कधीच चुकत नाही, आणि म्हणून काही सांगतही नाही.

पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल कसे सांगितले?

जर्मनीतल्या ओबरहाउझेन येथील मत्स्यालयातल्या या ऑक्टोपसने २०१० च्या विश्वचषकात जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना, दोन संघांच्या नावाने ठेवलेल्या दोन पेट्यांपैकी एक निवडून, बरोबर ‘सांगितला’. निव्वळ नाणे उडवले असते तर अशी कामगिरी २५६ मध्ये एकदा झाली असती. साखळी सामने बरोबरीत सुटू शकतात हे धरले तर त्याहूनही कमी वेळा. मात्र त्याने जर्मनीच्या सातपैकी पाच सामन्यांत जर्मनीचीच पेटी निवडली होती आणि जर्मनीचा संघ त्या वर्षी मुळातच बलाढ्य होता. दोन वर्षांपूर्वीच्या युरो स्पर्धेत त्याचे सहापैकी चारच अंदाज जुळले होते, ही गोष्ट २०१० मध्ये फारशी कोणी सांगितली नाही.

त्याच वेळी सिंगापुरातला मणी नावाचा पोपटही प्रसिद्धीत होता. त्याने उपांत्यपूर्व फेरीचे चारही निकाल अचूक सांगितले आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्सची निवड केली. स्पेन जिंकला आणि मणी विस्मरणात गेला. दोघांतून विजेता उरला की त्यालाच दिव्यदृष्टी चिकटवली जाते. मणीचा अंदाज बरोबर आला असता तर आज हा प्रश्न पोपटाविषयी विचारला गेला असता.

१११ हा आकडा फलंदाजीसाठी खरेच अशुभ आहे का?

इंग्लंडमध्ये या धावसंख्येला नेल्सन म्हणतात, आणि ती फलकावर असताना पंच डेव्हिड शेफर्ड एक पाय उचलून उडी मारत असत. ऑस्ट्रेलियात शतकाला १३ कमी असलेल्या ८७ ची धास्ती घेतात. एकाच खेळात दोन देशांचे दोन वेगळे अशुभ आकडे आहेत, एवढ्यानेच बरेच काही कळते. गडी बाद होण्याला धावसंख्येचा अंक कारण ठरावा अशी कोणतीही यंत्रणा नाही. असलीच तर ती घाबरलेल्या फलंदाजाच्या डोक्यात. या आकड्याचा सर्वांत देखणा योगायोग केपटाऊनला घडला : ११ नोव्हेंबर २०११ रोजी सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी दक्षिण आफ्रिकेला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकण्यासाठी नेमक्या १११ धावा हव्या होत्या. प्रेक्षकांबरोबर पंच इयान गुल्डही एका पायावर उभे राहिले. आणि ज्या आकड्याची इतकी भीती, त्या आकड्यानंतर दक्षिण आफ्रिकेने सामना आठ गडी राखून आरामात जिंकला.

एकही भाकीत नसलेला योगायोग तरी मानावा की नाही?

जरूर मानावा आणि त्याचा आनंदही घ्यावा. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला झालेली इतिहासातली पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने इंग्लंडविरुद्ध ४५ धावांनी जिंकली. त्या घटनेला शंभर वर्षे झाल्यानिमित्त मार्च १९७७ मध्ये त्याच मैदानावर त्याच दोन संघांत कसोटी झाली आणि ऑस्ट्रेलियाने ती ४५ धावांनीच जिंकली. यावरून पुढचे काही सांगण्याचा कोणी प्रयत्न केला नाही, म्हणून ही गोष्ट इतकी निर्मळ राहिली आहे.

बुमराह, जडेजा आणि श्रेयस अय्यर या तिघांचा वाढदिवस ६ डिसेंबरलाच. यात काही संकेत नाही का?

तिघेही २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकत्र खेळले होते, त्यामुळे हा प्रश्न तेव्हा बराच विचारला गेला. करुण नायर आणि आर. पी. सिंग यांचाही जन्म ६ डिसेंबरचाच. वाढदिवसांच्या बाबतीत आपला अंदाज फार चुकतो. फुटबॉलच्या मैदानावरचे २२ खेळाडू आणि एक पंच असे २३ जण घेतले तर त्यांतल्या किमान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, कारण २३ जणांमधून २५३ जोड्या बनतात. ठरावीक संघात तिघे जुळणे त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा घडते, परंतु जगभरातले संघ आणि त्यांची दर काही महिन्यांनी बदलणारी घडण लक्षात घेतली तर ते कुठे ना कुठे दिसणारच. नाणेफेकीची मालिकाही ६ डिसेंबरलाच तुटली होती हे एव्हाना चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. त्याने ते कोणाला पुढे पाठवू नये.

म्हणजे खेळातला प्रत्येक नमुना खोटाच मानायचा का?

असे मानणे हाही आळसच ठरेल. २०११ मध्ये भारत, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि २०१९ मध्ये इंग्लंड अशा तीन यजमानांनी ओळीने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. इथे निदान कारणे सांगता येतात : खेळपट्टीची ओळख, प्रेक्षकांचा पाठिंबा, प्रवासाचा शीण नसणे. घरच्या मैदानाचा फायदा जवळपास प्रत्येक सांघिक खेळात मोजता येतो. पण फायदा म्हणजे पारडे थोडे जड होणे. निकाल ठरणे नव्हे. २०२३ मध्ये भारत यजमान होता, सलग दहा सामने जिंकून अंतिम फेरीत आला होता, आणि पहिले दोन सामने हरलेल्या ऑस्ट्रेलियाने ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावांच्या बळावर अहमदाबादला सहा गडी राखून विश्वचषक नेला. ‘यजमानच जिंकतो’ असे म्हणणारे चुकले, ‘यजमानाला थोडी अधिक संधी असते’ असे म्हणणारे चुकले नाहीत.

विद्वानांचीही इथे त्रेधा उडाली आहे. बास्केटबॉलमध्ये लागोपाठ बास्केट टाकणाऱ्या खेळाडूचा हात ‘तापलेला’ असतो या समजुतीला गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये भ्रम ठरवले. तीसहून अधिक वर्षांनी मिलर आणि सॅनहुर्हो यांनी त्या मोजणीच्या पद्धतीतच एक बारीक चूक दाखवली आणि ती दुरुस्त केल्यावर तसा परिणाम दिसतो असे म्हटले. म्हणजे नमुना आहे म्हणणाऱ्याइतकेच तो नाही म्हणणाऱ्यालाही नीट मोजावे लागते.

एखादा आडाखा ऐकल्यावर तो कसा तपासावा?

आधी तो केव्हा सांगितला गेला ते पाहावे. घटना घडून गेल्यावर सुचलेला असेल तर मागचे सगळे निकाल बाजूला ठेवून पुढच्या सामन्यांपासून कोरी पाटी धरावी. त्यानंतर विचारावे की हा आडाखा चुकला असे आपण नेमके कधी म्हणू. याचे उत्तर देता येत नसेल तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही. मग न जुळलेल्या नोंदी मागाव्यात, कारण ३९६४ च्या नियमात सगळी गंमत त्या गाळलेल्या एका ओळीत होती. सर्वांत कठीण प्रश्न असा की शोधणाऱ्याने किती ठिकाणी पाहिले. वर्षे, वार, जर्सीचे क्रमांक, कर्णधाराचे वय, पंचांची नावे, नाणेफेक, मैदान अशा वीस-तीस गोष्टी हाताशी असल्या तर त्यांच्या जोड्याच काहीशे होतात आणि त्यांतली एखादी गेल्या सहा-सात स्पर्धांशी जुळणे जवळजवळ अटळ असते. शोधणारा लबाडी करत नाही. त्याने टाकून दिलेल्या जोड्या आपल्याला दिसत नाहीत, एवढेच.

कारणाचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण माणसाला कोणत्याही योगायोगासाठी कारण रचता येते आणि ते पहिल्या दमात पटण्यासारखेही असते.

मी जागेवरून उठलो की गडी बाद होतो. घरचे मला उठू देत नाहीत. त्यांना काय सांगावे?

सामना चालू असेपर्यंत काहीही सांगू नये. सामना संपल्यावर, इच्छा असल्यास, आपण किती वेळा उठलो आणि त्यांतल्या किती वेळा काहीच घडले नाही याची वही ठेवावी. चहा आणायला उठल्यावर पडलेला गडी सगळ्यांना आठवतो. उठलो आणि चौकार बसला, त्याचे श्रेय मात्र कोणी देत नाही. या समजुतीने कोणाचे नुकसान होत नाही, आणि घरातल्या चार माणसांना शेवटच्या पाच षटकांत एकत्र जखडून ठेवण्यापुरती ती उपयोगाचीही आहे.

एका अनोळखी क्रमांकावरून मला सात सामन्यांचे विजेते आधीच कळवले गेले आणि सातही बरोबर निघाले. हाही योगायोगच का?

बहुधा हा योगायोगही नाही, ही ठरवून केलेली योजना आहे. समजा कोणी १,०२४ जणांना संदेश पाठवला. निम्म्यांना एक संघ जिंकेल म्हणून आणि निम्म्यांना दुसरा. सामना झाल्यावर ज्यांच्याकडे चुकीचा संदेश गेला त्यांना सोडून द्यायचे आणि उरलेल्या ५१२ जणांची पुन्हा दोन गटांत विभागणी करायची. असे सात सामने केले की आठ जण उरतात, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी सातपैकी सात भाकिते खरी होताना पाहिलेली असतात. त्यांना फसवायला एकही खोटा दाखला द्यावा लागत नाही, कारण त्यांच्या फोनमधला प्रत्येक संदेश तारीख-वेळेसह अस्सल असतो. चुकीचे संदेश मिळालेले १,०१६ लोक कोण होते हे त्या आठ जणांना कधीच कळत नाही. आठव्या सामन्याचे नाव सांगण्यासाठी जेव्हा आगाऊ पैसे मागितले जातात, तेव्हा पाठवणाऱ्याला त्या सामन्याविषयी तुमच्यापेक्षा काहीही जास्त ठाऊक नसते.